वीस मिनिटं

लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि इमारतीचा दारवान ओविदियो बार्रागान खालच्या टेबलाशी बसून टपाल लावत होता. आत लोसानोबाई एकट्याच होत्या. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या घाबरल्या नव्हत्या. इंटरकॉमवरून आवाज आला तो थोडा वैतागलेला, थोडा गमतीतला. "ओविदियो, अहो मी इथं टांगलेय. हातात गरम पाव आहेत, ते निवायच्या आत कुणाला तरी बोलवा." त्यानं लिफ्टवाल्यांना फोन लावला. डाव्या कानाला, नेहमीसारखाच. तिकडच्या माणसानं पत्ता लिहून घेतला आणि म्हणाला, आमचा मेकॅनिक निघालाय, वीस मिनिटांत पोचेल. ओविदियोनं फोन ठेवला. इंटरकॉम पुन्हा वाजला. "काय म्हणतायत? किती वेळ?" एवढंच विचारलं होतं बाईंनी. उत्तर दोन शब्दांचं होतं आणि ते त्याच्या तोंडात तयारही होतं. पण जीभ हलेना. उजवा कान एकदम तापला, जणू कुणी त्यावर इस्त्री धरली आहे. इंटरकॉममध्ये बारीक खरखर चालू होती, ती रोजच असे, पण आज ती खरखर त्या लहानशा जाळीतून बाहेर आली आणि टेबलावर, टपालावर, समोरच्या काचेच्या दारावर पसरत गेली. त्यानं रिसीव्हर पत्रांच्या गठ्ठ्यावर आडवा ठेवला. "ओविदियो? ऐकताय ना?" असं त्यातून येत राहिलं. दार सताड उघडं टाकून तो रस्त्यावर आला आणि चालू लागला.

दुपारी तीनला त्याच्या बायकोला, नेल्सीला, एका कुलपांच्या दुकानातून फोन आला. दुकानदारीण म्हणाली, तुमचे यजमान इथं पायरीवर बसलेत, आजारी दिसत नाहीत, पण उठतही नाहीत. नेल्सी गेली. तिनं त्याला काही विचारलं नाही, त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि पिशवीतलं सँडविच काढून अर्धं त्याला दिलं. बोगोतातल्या त्या थंड, राखी दुपारी दोघं पावाचे तुकडे चावत रहदारी पाहत बसले. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली एकोणीस ती अशीच त्याच्या शेजारी बसलेली होती. सिनेमाला गेलं तर दाराजवळची खुर्ची. घरी फ्रिज खरखरला की तो त्याची वायर काढून टाकी, मग सकाळी दूध नासलेलं. झोप खुर्चीत, बूट घालून. घरचा फोन तो उचलत नसे. इबागेला शिकायला गेलेली लेक आधी रोज करायची, मग आठवड्याला, आता आईलाच करायची. हे सगळं त्याच्या घरात खांबासारखं उभं होतं आणि सगळे त्याला वळसा घालून चालायला शिकले होते. "लोसानोबाई बाहेर आल्या," नेल्सी म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरनं काढलं त्यांना. चिडल्या नाहीयेत. पण मॅनेजरबाई म्हणतात, डॉक्टरचं पत्र आणा, नाहीतर दुसरा दारवान बघते." तिनं मांडीवरचे पावाचे कण झटकले. "आणि ओविदियो, मीसुद्धा तेच म्हणतेय. पत्राचं नाही. डॉक्टरचं."

डॉक्टर उर्रेगो त्याच्या लेकीहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. सैनिकी रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीला पूर्वेच्या डोंगरांकडे उघडणारी खिडकी होती आणि पहिल्याच दिवशी त्यानं खुर्ची फिरवून त्या खिडकीकडे पाठ केली. त्यांनी ते पाहिलं, वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी जे करायचं ते सरळ सांगितलं. तो दिवस तुम्ही मला सांगायचा, डोळे मिटून, आत्ता घडतोय असा. गेला, आला, होता असं नाही. जातोय, येतोय, आहे. दर थोड्या वेळानं मी आकडा विचारेन, शून्य ते शंभर, किती त्रास होतोय याचा. सगळं फोनवर रेकॉर्ड होईल आणि ते तुम्ही घरी रोज एकदा ऐकायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच दिवस सांगायचा. "पुन्हा?" त्यानं विचारलं. "पुन्हा. बारा आठवडे, कदाचित पंधरा." त्याला वाटलं ही बाई खुळी आहे. एकोणीस वर्षं तो जे दाराबाहेर ठेवायला धडपडत होता, ते ती पाहुण्यासारखं आत बोलवा म्हणत होती. "आणि यानं ते जाईल?" "जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण सध्या ते तुमच्या घरात राहतंय आणि तुम्ही बाहेर आहात. ते उलट करता येतं का बघू."

तो दिवस असा होता. ओविदियो तेव्हा कॉर्पोरल (सार्जंट तो पुढं झाला), दरीतल्या तळावर रेडिओ चालवणारा, सत्तावीस वर्षांचा. तळाचं नाव रेडिओवर सेइबा. वर, गवताळ थंड माथ्यावर, एका मनोऱ्याची राखण करणारी चौकी होती, तिचं नाव कॉन्डोर. तेवीस माणसं. त्यांचा रेडिओवाला येसिद चापार्रो. दोघांनी एकदाच, रेडिओच्या अभ्यासक्रमात, तीन आठवडे एकमेकांना पाहिलं होतं. त्यानंतर सात महिने येसिद हा त्याच्यासाठी उजव्या कानातला एक आवाज होता. त्या दिवशी सकाळी साडेनऊला बंडखोरांनी चौकीला घेरलं. दरीत हेलिकॉप्टरं उभी होती आणि वर धुकं होतं, ओल्या घोंगडीसारखं, हाताला लागेल असं. वैमानिक सिगारेटी ओढत वर बघत होते. कप्तान ओविदियोच्या खांद्याशी येऊन म्हणाला, "सांग त्यांना, वीस मिनिटं. जागा सोडू देऊ नकोस." कप्तान वाईट माणूस नव्हता. पहिल्या दोन वेळा त्यालाही धुकं उठेल असंच वाटत होतं. येसिद विचारी, "सेइबा, किती वेळ?" आणि ओविदियो सांगे, "वीस मिनिटं, कॉन्डोर. वीस मिनिटं टिका." दहाला सांगितलं. अकराला सांगितलं. बाराला, जेव्हा वैमानिक जेवायला बसले होते आणि ते त्याला खिडकीतून दिसत होते, तेव्हाही सांगितलं.

पहिल्या बैठकीत तो इथवरसुद्धा पोचला नाही. आकडा विचारला की तो ताठ बसून म्हणे, "साठ." पुन्हा विचारलं, "साठ." तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाल्या, "सार्जंट, तुमच्या मानेवरून घाम वाहतोय आणि तुम्ही मला हवामानाची खबर देताय." त्यानं डोळे उघडले. हसू आलं नाही, पण काहीतरी ढिलं झालं. "पंचाण्णव," तो म्हणाला.

घरी ऐकायला त्यानं मागची मोरी निवडली, जिथं नेल्सी कपडे धुवायची. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून, इअरफोन डाव्या कानात, समोर वाळत घातलेल्या उशीच्या खोळी. स्वतःचा आवाज ऐकणं हेच आधी कठीण गेलं. तो आवाज एका दमलेल्या, सभ्य माणसाचा होता, जो एक भयंकर गोष्ट पोस्टातल्या कारकुनासारखी सांगत होता. पहिले चार आठवडे सगळं बिघडलंच. खुर्चीतली झोपही गेली. जेवण पोटात राहीना. एकदा दुकानात शेंगा फोडल्याचा आवाज झाला आणि तो भाज्यांच्या खोक्यांमागे खाली बसला. उठल्यावर लोक नजर चुकवून भाव विचारू लागले. चौथ्या आठवड्यानंतर त्यानं ठरवलं, बस झालं. नेल्सीला सांगितलं. ती मोरीतच उभी होती, हाताला साबण. "मी ऐकते रोज," ती म्हणाली. "तुला वाटतं इअरफोन आहे म्हणून ऐकू येत नाही. तू ऐकता ऐकता ओठ हलवतोस आणि मधूनमधून मोठ्यानं म्हणतोस. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की तू रोज कुठं जातोस. आता तू थांबलास तर मी काय करू, सांग." तिनं ओल्या हातांनीच त्याची कॉलर नीट केली आणि ती ओली कॉलर घेऊन तो पाचव्या बैठकीला गेला.

पाचव्या बैठकीत डॉक्टरांनी पूर्ण दिवस सोडून दिला आणि फक्त एकाच जागेवर त्याला थांबवलं, दुपारी एकच्या सुमाराला. "कुठं आहात?" "टेबलाशी आहे. हेडफोन घट्ट आहे. उजवा कान दुखतोय. वर येसिदच्या मागं कुणीतरी ओरडतंय, कुणाचं तरी नाव घेतंय. येसिद विचारतोय, सेइबा, खरं सांग, येतायत का." "मग?" "मी सांगतो." "काय सांगता?" खिडकीबाहेरच्या झाडावर वारा होता. "सांगतो की हेलिकॉप्टरांचे पंख फिरायला लागलेत. मला इथून ऐकू येतायत, असंही सांगतो." ही वाक्यं त्यानं आजवर कुणालाच सांगितली नव्हती, चौकशी समितीलाही नाही. वीस मिनिटं हा हुकूम होता. पंख फिरतायत हे त्यानं स्वतःच्या मनानं जोडलं होतं. डॉक्टरांनी आकडा विचारला नाही. त्यांनी विचारलं, "खरं सांगितलं असतंत तर?" "पूर्वेच्या घळीतून उतरले असते. तिघं उतरले, हुकूम मोडून. तिघं वाचले." "बाकीचे वीसही वाचले असते?" "माहीत नाही." "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षं त्याला दोनच प्रकारची माणसं भेटली होती, तुझी चूक नव्हती म्हणणारी आणि काहीच न म्हणणारी. माहीत नाही म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. ते न कळणं दोघांच्या मध्ये टेबलावर पडून राहिलं, आणि पडून राहू शकतं याचंच त्याला नवल वाटलं.

शेवट सांगायला त्याला आणखी दोन आठवडे लागले. दोन वाजून दहा मिनिटांनी वरून बटण दाबलं गेलं. शब्द आले नाहीत. वारा आला, आणि कुणाचा तरी श्वास, बटण दाबून धरलेल्या माणसाचा, आणि मग बटण सुटलं. त्यानं तिथून पुढं चाळीस मिनिटं त्या रिकाम्या खरखरीला सांगितलं, "वीस मिनिटं, कॉन्डोर. वीस मिनिटं." कप्तानानं हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला तेव्हा उजव्या कानाची कातडी त्याला चिकटून आली. हे सांगताना तो हमसून रडला, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तसं, आणि डॉक्टर बसून राहिल्या. त्या रात्री तो पलंगावर आडवा झाला आणि बूट काढलेत हे त्याला सकाळी कळलं.

त्यानंतर आकडा खाली येऊ लागला, पण सरळ नाही. सत्तर, मग पुन्हा नव्वद, मग पंचावन्न. तो दिवस त्याला पाठ झाला, आणि पाठ झालेली गोष्ट थोडी कंटाळवाणीही होते, हे त्यानं अपराध्यासारखं डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कंटाळा आला? छान. मी याचीच वाट बघत होते." आठव्या की नवव्या बैठकीत सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं की तो म्हणत होता, मी टेबलाशी बसलो होतो, वैमानिक जेवत होते. आहे, आहे म्हणता म्हणता केव्हा होतो, होते सुरू झालं हे समजलं नाही. तो अडखळला, डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी दुरुस्त केलं नाही. खोलीत पुढं शेवटपर्यंत ते सगळं होऊन गेलेलं राहिलं.

याबरोबरच एक यादी होती. ज्या ज्या गोष्टी तो टाळत आला त्यांची, सोप्यापासून अवघडापर्यंत. फ्रिजजवळ अर्धा तास बसणं. उजव्या कानाला बंद फोन पाच मिनिटं धरणं. मग चालू फोन. एका रविवारी त्यानं लेकीला फोन केला, उजव्या कानानं. ती आधी घाबरली, आईला काही झालं का विचारत राहिली, आणि मग दोघं वीस शब्दही धड न बोलता बराच वेळ फोन धरून बसली. इमारतीत परत रुजू झाल्यावर लिफ्टनं सातव्या मजल्यावर जाऊन त्यानं लोसानोबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे, आत या. कपभर गरम चॉकलेट घ्या. आणि पुढच्या वेळी मला सांगून जा हो, मी दारावर बसते तुमच्याऐवजी." यादीत सगळ्यात खाली डॉक्टरांनी जागा मोकळी ठेवली होती. तिथं त्यानं स्वतः लिहिलं, मोंगी. डॉक्टरांनी विचारलं, हे काय. येसिदचं गाव, तो म्हणाला. त्यांनी घाई करू नका म्हणून सांगितलं. त्यानं घाई केली नाही, आणखी सात आठवडे थांबला, आणि मग एका शनिवारी पहाटेची बस धरली.

पत्ता त्याला कुणाला विचारावा लागला नाही. दगडी पुलाच्या खाली निळं दार आणि दारात बहीण फुटबॉल शिवत बसलेली, हे येसिद रेडिओवर इतक्यांदा बोलला होता की तो जणू इथं येऊनच गेला होता. अर्ध्या गावातल्या बायका घरी बसून चेंडू शिवतात. दार निळंच होतं, रंग उडालेला. मिरेया चापार्रो साठीला आलेली, काळी शाल, दोन्ही हातांत सुया, मांडीवर अर्धा चेंडू. आई लहानपणीच गेल्यावर हिनंच येसिदला वाढवलं होतं. ओविदियोनं टोपी काढली, नाव सांगितलं. "त्या दिवशी येसिद वर रेडिओवर होता, तेव्हा खाली मी होतो." तिनं वर पाहिलं नाही. टाका ओढून घेतला, मेण लावलेला दोरा करकरला. "बोगोताहून आलात?" "हो." "बसला चार तास लागतात." "हो." "एकोणीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मग काय, चालत आलात?"

तो उभाच राहिला. त्यानं वाटेत ज्या ज्या गोष्टींची तयारी केली होती त्यांत ही नव्हती. तिनं पायानं एक स्टूल पुढं सरकवलं. तो बसला आणि सांगू लागला. धुकं, वैमानिक, वीस मिनिटं, शेवटचा श्वास. काही गाळलं नाही, पंख फिरतायत हेही गाळलं नाही. ती शिवत होती. तिथं आल्यावर सुई थांबली. "घळीतून उतरले त्यांतला एक इथलाच," ती म्हणाली. "शुक्रवारी बाजारात भेटतो. टोमॅटो विकतो. तो उतरला आणि माझा भाऊ तुमच्या शब्दावर थांबला." "हो," ओविदियो म्हणाला. त्याला वाटलं आता काहीतरी कोसळेल. आत कुठंतरी आकडा वर चढला, तो त्यानं पाहिला, सत्तर, ऐंशी, आणि तो उठून गेला नाही. पुलावरून गाढवं हाकत कुणी गेलं. तिच्या चेहऱ्यावर क्षमा नव्हती आणि त्यानंही ती मागितली नाही. ती आत गेली, सुपाचा वाडगा आणून त्याच्या हातात दिला, आणि जेवा म्हणाली, त्या सुरात नाही म्हणणं शक्य नव्हतं.

तो खात असताना तिनं विचारलं, "तुम्हाला त्याचा आवाज अजून येतो?" "आधी रोज यायचा. रात्रंदिवस. आता लांब गेलाय. डॉक्टरांकडे जातो ना, त्यामुळं." "लांब गेलाय," ती म्हणाली. चेंडू तिनं मांडीवरून खाली ठेवला. "फोटो आहेत माझ्याकडे. कपडे आहेत. आवाज नाही. पहिली काही वर्षं होता, मग एक दिवस आठवायला गेले तर नव्हताच. शेजारच्या पोराचा यायचा, काकाचा यायचा, त्याचा नाही. तुम्ही तो सात महिने कानाला लावून होतात. बोलून दाखवा."

ओविदियोनं वाडगा खाली ठेवला. जे काढून टाकायला तो महिनोन्महिने त्या खोलीत जात होता, तेच ही बाई हात पुढं करून मागत होती. आणि आता ते उरलं असेल की नाही याची त्याला भीती वाटली. त्यानं डोळे मिटले. आधी ते शेवटचेच शब्द आले, किती वेळ, खरं सांग. ते त्यानं उच्चारले नाहीत. ते वाट अडवून उभे होते, पण आता त्यांच्या बाजूनं जायला जागा होती. तो तिथून गेला. पलीकडं एक सकाळ होती. मार्चमधली असेल, सहा वाजलेले, दरीत कोंबडे आरवत होते आणि कानात कुणीतरी बोलण्याआधी नेहमीसारखं बारीक खाकरलं होतं. एकोणीस वर्षांत ही सकाळ त्याला एकदाही आठवली नव्हती. "सेइबा, इथं कॉन्डोर," तो म्हणाला. मिरेयानं मान हलवली. "हा तुमचाच आवाज. असा फौजी नव्हता तो." त्यानं पुन्हा सुरुवात केली, खाकरून, शब्दांची शेपटं ओढत, जरा नाकातून, या डोंगरातली माणसं बोलतात तसं. "सेइबा, इथं कॉन्डोर. राजे, आजचं धुकं असं आहे की सूप सापडत नाही. ताट चाचपून जेवतोय. शेजाऱ्याच्या ताटातला बटाटा खाल्ला, तो सार्जंटचा निघाला. ओव्हर."

मिरेयाचा हात तोंडावर गेला. ती हसत होती की काय ते त्याला आधी कळेना, मग दिसलं की हसतच होती, शालीच्या आत खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "लबाड," ती म्हणाली. "घरीसुद्धा हेच. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचा." मग तिनं शालीच्या टोकानं तोंड पुसलं, स्टुलाजवळ सरकून बसली, आणि परतीची बस किती वाजता आहे ते तिनं विचारलं नाही.

"अजून सांगा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा डोळे मिटले, आणि येसिदची आणखी एक सकाळ शोधू लागला.